निवडणूक-निरीक्षण प्रवेशिका

(नवशिक्यांसाठी. पूर्वानुभवाची अट नाही. चित्रे जागेअभावी गाळली आहेत.)

व्याख्या

दुसऱ्याच्या घरच्या कार्याला जायचं, मानाच्या जागी बसायचं, डोळ्यांत तेल घालून सगळं बघायचं, स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, आणि परत आल्यावर काय काय चुकलं ते क्रमवार सांगायचं. एखाद्या मुरलेल्या आत्याबाईंना ही विद्या उपजत असते. निवडणूक-निरीक्षण म्हणजे हीच विद्या. फक्त तिच्या जोडीला ओळखपत्र, दुभाषी, भाड्याची गाडी आणि दैनिक भत्ता.

ज्यांना परीक्षेला बसायचं आहे त्यांनी अधिकृत व्याख्या पाठ करावी. २७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय निवडणूक-निरीक्षणाच्या तत्त्वांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याचा मथितार्थ असा : निवडणुकीचे कायदे, पद्धती, संस्था आणि एकूण वातावरण यांची माहिती पद्धतशीर गोळा करायची, तिचा निष्पक्ष अभ्यास करायचा आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे. प्रक्रियेत ढवळाढवळ मात्र करायची नाही. व्याख्या उत्तम आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही. कामावर रुजू झाल्यावर मात्र जी व्याख्या लागते ती एका ओळीची आहे. यजमान सरकार ज्याला निरीक्षक म्हणेल तो निरीक्षक, आणि ते जेवढं दाखवेल तेवढं निरीक्षण. पुढचे सगळे धडे या ओळीभोवतीच फिरतात, त्यामुळे घाई असलेल्यांनी इथेच पुस्तिका मिटली तरी चालेल.

धडा पहिला : पूर्वपीठिका

आपला धंदा जुना आहे हे पाहुण्यांना सांगता यावं म्हणून एवढा इतिहास पुरे. १८५७ साली, इकडे मेरठ-दिल्ली पेटलेली असताना, तिकडे डॅन्यूब नदीकाठच्या मोल्डाविया आणि वालाकिया या दोन संस्थानांनी एकत्र यावं की नाही, हे ठरवण्यासाठी निवडणूक होती. संस्थानं तुर्की सुलतानाच्या छत्राखाली होती. युरोपातल्या बड्या सत्तांनी देखरेखीसाठी आयोग पाठवला, आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षणाचा श्रीगणेशा म्हणून हाच दाखला सर्रास दिला जातो. मोल्डावियाचा प्रभारी कारभारी होता निकोलाए व्होगोरिदे. एकीकरण त्याला नको होतं. त्याने मतदारयाद्यांतून नको ती नावं उडवली आणि हवा तो निकाल लावून दाखवला. आयोग हजर होता, सगळं बघत होता.

पुढे त्याची गुप्त पत्रं फुटली आणि थेट ब्रसेल्सला छापून आली. पत्रं त्याच्या बायकोनेच, कोकुत्साने, बाहेर पोचवली असं रोमानियात सांगतात. गदारोळ झाला, सत्तांनी सुलतानावर दाब आणला, निवडणूक रद्द झाली, सप्टेंबरात पुन्हा घेतली, आणि एकीकरणवाले भरघोस मतांनी निवडून आले. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावं की सुरुवातीच्या या प्रकरणातच आपल्या व्यवसायाचा सगळा मालमसाला आहे : यादीतला घोळ मतदानाच्या आधीचा, आयोग जागेवर, आणि खरी कागदपत्रं घरातल्या माणसाकडून.

धडा दुसरा : आमंत्रण

बोलावल्याशिवाय जायचं नसतं. इथेच निम्मे उमेदवार गळतात.

बोलावण्याच्या तऱ्हा अनेक. बेलारूसने ऑगस्ट २०२०च्या निवडणुकीचं आमंत्रण युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या वॉर्सॉतल्या कार्यालयाला वेळेत पाठवलंच नाही. मग ते लोक गेले नाहीत. (हे कार्यालय पुढे वारंवार येईल, त्याला आपण 'वॉर्सॉवाले' म्हणू.) उशिरा बोलावणं ही नाही म्हणण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. झिंबाब्वेने २००२ मध्ये वेगळी युक्ती केली. युरोपीय संघाच्या पथकाचे प्रमुख, स्वीडनचे पिएर शोरी, यांना पर्यटक म्हणून व्हिसा दिला आणि पर्यटक असून राजकीय बडबड करतात म्हणून हाकलून दिलं. मेक्सिकोने १९९४ साली परदेशी माणसांना आत घेतलं, पण 'परदेशी पाहुणे' या नावाने. सार्वभौम देशाचं निरीक्षण कोण करणार? पाहुणा आला तर मात्र त्याला चहा विचारता येतो.

भारताची तऱ्हाही मेक्सिकोच्या जवळची. आपण परदेशी निरीक्षक बोलावत नाही, 'आंतरराष्ट्रीय निवडणूक अभ्यागत' बोलावतो. २०२४च्या लोकसभेला २३ देशांतून ७५ अभ्यागत आले होते, त्यांच्या तुकड्या सहा राज्यांत फिरल्या, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. अभ्यागत केंद्र बघतात, यंत्राचं प्रात्यक्षिक बघतात, कौतुक करतात, फोटो निघतात. निकाल-पत्रक वगैरे त्यांनी काढायचं नसतं.

यातली गंमत अशी की परक्यांच्या निवडणुका बघायला आणि चालवायला जाण्यात आपण आघाडीवर होतो. १९४८ साली कोरियातली निवडणूक बघायला संयुक्त राष्ट्रांनी जो आयोग पाठवला त्याचे अध्यक्ष होते के. पी. एस. मेनन. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपून सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानला गेले ते तिथल्या निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून, हाताखाली ब्रिटिश, इजिप्शियन आणि अमेरिकन सदस्य. १९८० साली ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे होताना राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटाचं नेतृत्व राजेश्वर दयाळ यांच्याकडे होतं. आपण बघायला जावं आणि आपल्याकडे मात्र फक्त अभ्यागत यावेत, हा व्यवहार मला व्यक्तिशः थोडा एकतर्फी वाटतो. पण जगातल्या बहुतेक स्वाभिमानी देशांचा तो तसाच आहे.

पटत नसेल तर टेक्सास घ्या. १९९० साली कोपनहेगनमध्ये अमेरिकेसकट सगळ्या सदस्य देशांनी लिहून दिलं होतं की आम्ही एकमेकांचे निरीक्षक येऊ देऊ. त्या कागदाच्या भरवशावर वॉर्सॉवाले २०१२च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी अमेरिकेत गेले. तेव्हा टेक्सासचे महाधिवक्ता ग्रेग ॲबट यांनी त्यांना पत्र धाडलं : मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत थांबलात तर आमच्या राज्याच्या कायद्याने तो गुन्हा ठरू शकेल. केंद्र सरकार बोलावतं, राज्य सरकार पकडायची भाषा करतं. नवशिक्यांनी अमेरिकेच्या दौऱ्यावर जाताना टेप सोबत ठेवावी.

धडा तिसरा : सामान

टॉर्च, पेन, दुसरं पेन, पाण्याची बाटली, मतदान केंद्रांचा नकाशा, अर्जांचा गठ्ठा. खिशांचं जाकीट ऐच्छिक. जोडीदार वेगळ्या देशाचा मिळतो. त्याचं घोरणं हा देशांतर्गत प्रश्न समजून हस्तक्षेप करू नये.

धडा चौथा : मतदानाचा दिवस

निरीक्षकांच्या दोन जाती. दीर्घ मुदतीचे दीड-दोन महिने आधी येतात, जिल्ह्यात राहतात, याद्या, कज्जे, वृत्तवाहिन्यांवर कुणाला किती मिनिटं मिळाली असल्या गोष्टी बघतात. त्यांना कुणी ओळखत नाही. अल्प मुदतीचे मतदानाच्या तीन-चार दिवस आधी विमानाने उतरतात आणि टीव्हीवर दिसतात. तुम्ही नवशिके आहात, म्हणजे अल्प मुदतीचे.

पहाटे केंद्र उघडण्याआधी पोचायचं. रिकामी मतपेटी सगळ्यांना दाखवतात, सील लावतात. सीलचे नंबर लिहून घ्यायचे. मग दिवसभरात दहाएक केंद्रं, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. हातात छापील अर्ज : रांग आहे का, गुप्तता आहे का, आत अनधिकृत माणसं घुटमळताहेत का, एकाच पडद्याआड नवरा-बायको दोघं शिरताहेत का. (या शेवटच्या प्रकाराला अर्जात 'कौटुंबिक मतदान' असं गोड नाव आहे.) शेवटी एकूण मत चार चौकटींत द्यायचं : फार चांगलं, चांगलं, वाईट, फार वाईट. मधली चौकट नाही. 'ठीकठाक' म्हणून सुटका करून घेणाऱ्यांचा छळ व्हावा म्हणूनच ती ठेवलेली नसावी.

काय बघायचं ते डोळा तयार झाल्यावर कळतं. पेटी पारदर्शक असेल तर मतपत्रिका कशा पडल्यात ते बघा. एकेक करून टाकलेल्या पत्रिका वेड्यावाकड्या पडतात. एकावर एक, एकाच घडीच्या, पत्त्यांच्या कॅटासारख्या नीट बसलेल्या दिसल्या तर त्या एकदम आल्या. मतदारयादीत सलग दहा सह्या एकाच वळणाच्या असल्या तर तिथेही थबका. कोपऱ्यातला एखादा गृहस्थ नावं टिपत असेल, त्याला विचारलं की तो म्हणेल मी कुणीच नाही. त्याचं वर्णन अर्जात लिहा. त्याला हटकू नका. हटकायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, सील चुकीचं लागत असलं तरी बरोबर करून द्यायचं नाही. केंद्राध्यक्ष बिचारे आपण होऊन विचारतात, साहेब, हे असंच ना? त्यावर हसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.

गांबियात मात्र डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. तिथे वसाहतकाळाच्या अखेरीपासून लोक काचेच्या गोटीने मत देत आले, कारण तेव्हा वाचता येणारे थोडे होते. प्रत्येक उमेदवाराचं एक रंगीत पिंप, त्यावर त्याचा फोटो, वर एक नळी. मतदार आडोशाला जातो, गोटी नळीत सोडतो, आत घंटा टणकन वाजते. पिंपाच्या तळाशी वाळू किंवा भुसा असतो, म्हणजे गोटी खाली आपटून दुसरा आवाज नको. एक माणूस, एक 'टण'. दोन वाजल्या की बाहेर बसलेले कर्मचारी कान टवकारतात. म्हणूनच मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणायला बंदी. सायकलच्या घंटीने मताचा घोटाळा व्हायचा. मग गोट्या भोकं पाडलेल्या लाकडी ताटांत ओतून मोजतात.

१ डिसेंबर २०१६च्या निवडणुकीला राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी युरोपीय संघाच्या निरीक्षकांना येऊ दिलं नाही. तरी बावीस वर्षं सत्तेवर असलेले जामे हरले, अदामा बॅरो जिंकले. त्या वर्षी गोट्या केंद्रावरच, सगळ्या पक्षांच्या माणसांसमोर मोजल्या गेल्या, पिंपं आधी दुसरीकडे हलवली गेली नाहीत. जामेंनी फोन करून पराभव मान्य केला, आठवड्याभरात शब्द फिरवला आणि जानेवारीत शेजारी देशांच्या फौजा दाराशी आल्यावर देश सोडला. जाकीटवाले नसतानाही ताट आणि गोट्या यांनी काम भागवलं, ही गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने जरा गैरसोयीची आहे. मुलाखतीत विचारल्याशिवाय सांगू नये.

दिलासा हवा असेल तर आर्मेनियाचं उदाहरण द्या. २००३ मध्ये तिथे निरीक्षक जवळजवळ यदृच्छेने केंद्राकेंद्रांवर वाटले गेले होते. सुसान हाइड या अभ्यासक बाईंनी नंतर आकडे लावून दाखवलं की जिथे निरीक्षक गेले तिथे सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षांची मतं काही टक्क्यांनी कमी होती. म्हणजे नुसतं जाऊन उभं राहिल्यानेही फरक पडतो. घानातल्या २००८च्या मतदारनोंदणीच्या अभ्यासात असंही दिसलं की निरीक्षक एका नोंदणी केंद्रावर बसले की बोगस नोंदणी करणारे शेजारच्या केंद्रावर जातात. फरक पडतो, कधी कधी पुढच्या गल्लीत.

धडा पाचवा : मोजणी

एव्हाना पाठ मोडलेली असते. याच वेळी खरं काम सुरू होतं आणि नेमक्या याच वेळी केंद्रातली वीज जाते.

मोजणीत तीन प्रकारच्या गोष्टी घडतात. एक, मोजणी बरोबर होते आणि बेरीज चुकते. दोन, बेरीज बरोबर होते आणि वर पोचेपर्यंत आकडा बदलतो. तीन, मोजणीची गरजच पडत नाही. तिसऱ्या प्रकारासाठी अझरबैजान. ९ ऑक्टोबर २०१३ला राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होतं. निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर आदल्याच दिवशी निकाल झळकला : इल्हाम अलीयेव, ७२.७६ टक्के. ॲप बनवणारे म्हणाले, ती चाचणी होती, आकडे २००८चे होते. पण यादीतली नावं २०१३च्या उमेदवारांची होती. प्रत्यक्षात अलीयेव यांना ८४ टक्क्यांच्या वर मतं मिळाली, तेव्हा ॲपने त्यांच्यावर अन्यायच केला म्हणायचा.

पहिल्या दोन प्रकारांवर उपाय जुना आहे आणि तो फिलिपिनी लोकांनी गाजवला. ७ फेब्रुवारी १९८६ला फर्डिनांड मार्कोस विरुद्ध कोराझॉन अकिनो अशी निवडणूक झाली. नॅमफ्रेल नावाच्या नागरिकांच्या संघटनेचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक केंद्राकेंद्रांवर होते; जोगिणी मतपेट्यांना कडं करून उभ्या होत्या. केंद्रावरचं पत्रक घ्यायचं, त्याची प्रत आपल्याकडे आणायची, स्वतंत्र बेरीज करायची, बस. सरकारी फळ्यावर मार्कोस पुढे, नॅमफ्रेलच्या फळ्यावर अकिनोबाई पुढे. ९ तारखेच्या रात्री सरकारी मोजणी केंद्रातले तीसेक संगणक-चालक उठून चालते झाले : आम्ही जे आकडे काढतोय ते फळ्यावरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. महिना संपायच्या आत मार्कोस हवाईला पोचले. परदेशी निरीक्षकही आले होते, अमेरिकेच्या पथकाचे प्रमुख सिनेटर रिचर्ड लुगर होते, त्यांच्या शब्दाला वॉशिंग्टनमध्ये वजन आलं. पण तो शब्द टाकण्याजोगा झाला तो त्या चालकांमुळे आणि कडं करून उभ्या राहिलेल्या जोगिणींमुळे.

पुढे हीच युक्ती शास्त्रशुद्ध झाली. सगळी केंद्रं नकोत, यदृच्छेने निवडलेली काही शे केंद्रं पुरतात. पनामात मे १९८९ मध्ये चर्चच्या माणसांनी अशी बेरीज केली आणि लष्करशहा नोरिएगाचा उमेदवार साफ आपटल्याचं निघालं. तरी सरकारी मोजणीत भलतीच पत्रकं सरकू लागली. तेव्हा माजी अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर निरीक्षक म्हणून तिथे होते. मोजणी केंद्रात उभं राहून त्यांनी स्पॅनिशमध्ये अधिकाऱ्यांना सुनावलं की तुम्ही प्रामाणिक आहात की चोर? हस्तक्षेप करायचा नाही या नियमाचा हा भंग होता का, यावर जाणकारांत वाद आहे. तुम्ही कार्टर नाही. तुम्ही खिडकीबाहेरच बघा.

मलावीचा उल्लेख केल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. मे २०१९च्या निवडणुकीत तिथल्या निकालपत्रकांवर आकडे चक्क व्हाइटनरने पुसून दुरुस्त केलेले सापडले. लोकांनी निवडणुकीचं बारसंच त्या बाटलीच्या नावाने केलं. पाच न्यायाधीश ३ फेब्रुवारी २०२०ला बुलेटप्रूफ जाकिटं घालून, लष्कराच्या गाड्यांतून कोर्टात आले, दिवसभर निकाल वाचला आणि निवडणूक रद्द केली. फेरनिवडणुकीत विरोधी पक्षाचे लाझारस चक्वेरा जिंकले. अनेक निरीक्षक पथकं तोवर बऱ्यापैकी समाधानाची निवेदनं देऊन कधीच घरी गेली होती. व्हाइटनरवर त्यांच्या अर्जात चौकट नव्हती.

धडा सहावा : विशेषणे

मतदानानंतर साधारण दोन दिवसांत पत्रकार परिषद घ्यावी लागते. मोजणी पुरी झालेली नसते, तक्रारी दाखल व्हायच्या असतात, पण पत्रकारांची विमानं सुटायची असतात. म्हणून त्याला 'प्राथमिक निवेदन' म्हणतात. त्यातला 'प्राथमिक' हा शब्द बातमीत कधीच छापून येत नाही.

'मुक्त आणि न्याय्य' हे शब्द तोंडातून काढू नका. वॉर्सॉवाले काढत नाहीत, अनुभवी माणसं काढत नाहीत. शांततापूर्ण म्हणा, सुव्यवस्थित म्हणा, स्पर्धात्मक म्हणा, 'सुधारणेला वाव आहे' म्हणा. विशेषण जितकं मऊ तितकं ते पुढे कमी टोचतं. केनियात ऑगस्ट २०१७ मध्ये हे शिकायला मिळालं. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्यासारखी वजनदार माणसं आली, मतदान बघितलं, केंद्रावरची मोजणी बघितली, चांगलं बोलली, पराभूतांनी कोर्टात जावं असा सल्ला देऊन गेली. रायला ओडिंगा खरोखरच कोर्टात गेले. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने निकाल रद्द केला : केंद्रावरून वर आकडे पाठवण्यात कायदा धाब्यावर बसला, आणि सर्व्हर उघडून दाखवा म्हटलं तर आयोगाने दाखवला नाही. आफ्रिकेत अध्यक्षीय निवडणूक न्यायालयाने रद्द करण्याची ती पहिली वेळ. केंद्रांवरचं मतदान निरीक्षकांनी खरंच नीट बघितलं होतं. सर्व्हरच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. बोलिव्हियात २० ऑक्टोबर २०१९ला प्राथमिक आकड्यांचं प्रसारण ८४ टक्क्यांच्या आसपास थांबलं, दुसऱ्या दिवशी सुरू झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांची आघाडी दुसरी फेरी टाळण्याइतकी वाढलेली. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेच्या पथकाने या बदलाबद्दल जाहीर आश्चर्य आणि चिंता व्यक्त केली. रस्ते पेटले, १० नोव्हेंबरला मोरालेस यांनी राजीनामा दिला. त्या संघटनेच्या तपासणीत इतरही गंभीर त्रुटी नोंदल्या गेल्या हे खरं. पण आकड्यांच्या त्या 'अनाकलनीय' उडीचं गणित पुढच्या वर्षी काही संशोधकांनी तपासलं, तर उशिरा मोजल्या जाणाऱ्या भागांत मोरालेस यांचा जोर होता एवढ्यावर ती बरीचशी उलगडत होती. एका विशेषणाने किती धग लागते, ते अशा वेळी कळतं.

आता पुन्हा अझरबैजान, कारण विशेषणांचा एवढा स्वच्छ नमुना दुसरा नाही. त्याच २०१३च्या निवडणुकीत, त्याच दिवशी, वॉर्सॉवाल्यांनी बघितलेल्या केंद्रांपैकी ५८ टक्के केंद्रांवरच्या मोजणीला 'वाईट' ठरवलं. आणि युरोपातल्याच खासदारांच्या शिष्टमंडळाने मतदानाच्या दिवशी आपण मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक प्रक्रिया बघितल्याचं जाहीर केलं. दोघांची ओळखपत्रं खरी. वॉर्सॉवाले आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून होते, खासदार काही दिवसांपुरते आले होते. तुम्हाला कुठल्या गाडीत बसायचं ते आत्ताच ठरवा. खासदारांच्या गाडीला एसी असतो.

तिसरी एक गाडी आहे, तिच्यात बसणाऱ्यांना अभ्यासक 'झोंबी निरीक्षक' म्हणतात. यांना वाईट काही दिसतच नाही. कंबोडियात २०१७ मध्ये मुख्य विरोधी पक्षच विसर्जित झाला, २०१८च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी १२५ पैकी १२५ जागा जिंकल्या. युरोपीय संघ गेला नाही, तरी निरीक्षकांची वाण पडली नाही.

आणि बघितलेलं सगळं सांगायलाच हवं असंही नाही. २००२च्या झिंबाब्वे निवडणुकीनंतर दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत निरीक्षक पथकाने निकाल वैध ठरवला. त्याच वेळी अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी सिसी खाम्पेपे आणि डिकगांग मोसेनेके या दोन न्यायाधीशांनाही तिकडे धाडलं होतं. त्यांनी लिहिलं की ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य म्हणता येणार नाही. अहवाल कुलपात गेला. एका वर्तमानपत्राने वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये, बारा वर्षांनी, तो बाहेर आला.

धडा सातवा : घरचे निरीक्षक

परदेशी निरीक्षक निकालाच्या आठवड्यात परततो. घरचा कुठे जाणार? म्हणून हा धडा ज्यांना पगार, पासपोर्ट किंवा परतीचं तिकीट नाही त्यांच्यासाठी.

आपल्या देशात मात्र निरीक्षक सरकारी असतो. निवडणूक आयोग परराज्यातला आयएएस अधिकारी मतदारसंघात पाठवतो. तो शासकीय विश्रामगृहात उतरतो. त्याचा मोबाइल नंबर आणि भेटायची वेळ जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून येते. त्याला निव्वळ बघ्या समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ब प्रमाणे बूथ बळकावण्यासारखे प्रकार दिसले तर तो मतमोजणी थांबवायला, निकाल रोखायला सांगू शकतो. वॉर्सॉच्या माणसाला हे ऐकवलं तर त्याला चक्कर येईल. शिवाय पोलिसांचे निरीक्षक वेगळे, संवेदनशील केंद्रांवर बसवलेले सूक्ष्म निरीक्षक वेगळे (हे बहुधा बँकेतले किंवा केंद्र सरकारी कार्यालयातले कर्मचारी, ज्यांची त्या दिवशीची रजा आधीच मंजूर झालेली होती), आणि सर्वांत रंगतदार ते खर्च निरीक्षक.

खर्च निरीक्षकाकडे दरपत्रक असतं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, हार, फेटा, ढोलताशा, प्रत्येकाचा दर जिल्हा निवडणूक कार्यालयाने ठरवून दिलेला. सभेचं चित्रीकरण बघून खुर्च्या मोजायच्या आणि छाया-नोंदवहीत रक्कम लिहायची. उमेदवाराच्या वहीत दोनशे खुर्च्या, चित्रफितीत दोन हजार, अशी जुगलबंदी चालते. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेच्या ९५ लाख. या आकड्यांचं मराठी माणसाला हसू येतं, निरीक्षकाला येऊ देता येत नाही. नोकरीतला सर्वांत कठीण भाग तोच.

रशियात सरकारी नसलेल्या निरीक्षकाचा प्रवास दुसऱ्या दिशेने होतो. 'गोलोस' ही संघटना २००० सालापासून केंद्रांवर माणसं बसवत होती, तक्रारींचा नकाशा चालवत होती. आधी तिच्यावर 'परदेशी हस्तक' असा शिक्का बसला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यांत्स यांना अटक झाली आणि मे २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा. त्या उन्हाळ्यात संघटनेने काम बंद केलं. या परिच्छेदात विनोद सुचवण्याची जबाबदारी वाचकाची.

स्वाध्याय

१. गाळलेल्या जागा भरा : 'किरकोळ ______ वगळता मतदान ______ वातावरणात पार पडले.' (मतदानाच्या आदल्या दिवशी भरलेली उत्तरे ग्राह्य धरली जाणार नाहीत.)

२. उदाहरण सोडवा : लायबेरियात १९२७ साली सुमारे १५,००० नोंदणीकृत मतदार होते. विजयी उमेदवार चार्ल्स किंग यांना दोन लाखांहून अधिक मते मिळाली. तर मतदानाचा टक्का काढा. कच्चे काम शेजारी दाखवा.

३. चूक की बरोबर ते सांगा : १५ ऑक्टोबर २००२ रोजी इराकमधील सर्वच्या सर्व १,१४,४५,६३८ मतदारांनी सद्दाम हुसेन यांना 'हो' असे मत दिले, त्या दिवशी देशात कोणीही आजारी, परगावी किंवा रुसलेले नव्हते.

४. प्रात्यक्षिक (ऐच्छिक) : आपल्याच गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत निरीक्षक म्हणून बसा. चौकट भरा : फार चांगलं, चांगलं, वाईट, फार वाईट. उत्तरपत्रिकेवर फ्लॅट क्रमांक लिहू नये.